सातपूरची मराझो: गाडी चांगली होती, मग अडलं कुठे?

३ सप्टेंबर २०१८, सोमवार, दहीहंडीचा दिवस. महिंद्रा अँड महिंद्राने आपली नवी सात-आठ आसनांची गाडी, मराझो, नाशिकच्या सातपूर भागातल्या कारखान्यातच लोकांपुढे आणली. शोरूमची किंमत ९.९९ लाखांपासून १३.९० लाखांपर्यंत. गणपती दहा दिवसांवर, दसरा दीड महिन्यावर. घरची गाडी विकायला महाराष्ट्रात याहून बरा मुहूर्त नसतो.

गाडीचं कौतुकही झालं. थोड्याच काळात ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत तिला मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी चार तारे मिळाले. भारतीय बनावटीच्या एमपीव्हीला, म्हणजे तीन रांगांच्या घरगुती गाडीला, तोवर एवढे तारे कुणी दिले नव्हते. पहिल्या दोन-तीन महिन्यांत महिन्याला तीन हजारांच्या घरात गाड्या गेल्या. मग आकडा उतरायला लागला आणि उतरतच राहिला. शेवटी शेवटी तर असे महिने आले की सगळ्या देशात मिळून शंभर मराझो खपल्या नाहीत. आज नव्या गाडीसाठी पैसे घेऊन गेलात तर ती यादीत सापडत नाही.

का पडली, याची उत्तरं नाशिकच्या कुठल्याही टपरीवर कटिंगबरोबर मिळतात. जाहिरात कमी पडली, नाव तोंडात बसेना, मारुतीपुढे कुणाचं चालतं का. ही उत्तरं चुकीची आहेत असं नाही, पण ती कुठल्याही पडलेल्या गाडीला लागू पडतात, म्हणून त्यांचा उपयोग थोडा. मला हे प्रकरण उलट्या टोकाने बघावंसं वाटतं. गाडीच्या पोटाखालच्या सांगाड्यापासून निघायचं आणि एकेक दुवा धरत घरातल्या ओट्याशेजारी होणाऱ्या निर्णयापर्यंत यायचं. तसं बघितलं की एक विचित्र गोष्ट दिसते. या गाडीत बसायला जे सुख होतं, त्याच सुखाच्या मुळाशी ती न खपण्याचं कारण होतं.

आधी झायलो

सातपूरच्या या कारखान्याचं नाव देशभर झालं ते २००२ च्या स्कॉर्पिओने. त्यानंतर जानेवारी २००९ मध्ये झायलो आली. स्कॉर्पिओच्याच घराण्यातली, शिडीसारख्या चॅसीवर बसवलेली, इंजिन गाडीच्या लांबीत उभं, ताकद मागच्या चाकांना. पुढच्या इंजिनापासून मागच्या ॲक्सलपर्यंत पोटाखालून प्रोपेलर शाफ्ट जायचा, आणि तो जायचा म्हणजे गाडीची जमीन उंच ठेवावी लागायची. आजीला झायलोत बसवायचं तर एकाने हाताला धरायचं, दुसऱ्याने मागून आधार द्यायचा. आत मात्र जागा ऐसपैस. वरातीला, शिर्डीला, सप्तशृंग गडाला माणसं कोंबून न्यायला फार सोयीची.

झायलो लवकरच पिवळ्या पाटीची गाडी झाली. नाशिक रोड स्टेशनाबाहेर, द्वारका चौकात, शिर्डीच्या वाटेवर ती दिसायची, पण कॉलेज रोडच्या बंगल्याच्या फाटकात क्वचित. उंच, फुगीर तोंडाची गाडी, घरच्या माणसांना ती आपली वाटेना. पुढच्या पिढीची गाडी करताना ही गोष्ट सगळ्यांच्या डोक्यात असणार, हे मराझोकडे एक नजर टाकली तरी कळतं. झायलोचं काहीही तिच्यात दिसू नये, असाच तिचा घाट आहे.

सांगाड्यातली तडजोड

मराझोवर पैसा आणि डोकं दोन्ही लागलं होतं. अभियांत्रिकीचं काम महिंद्राच्या अमेरिकेतल्या मिशिगनच्या केंद्रात आणि चेन्नईजवळच्या रिसर्च व्हॅलीत झालं. बाह्यरूपाला इटलीच्या पिनिनफारिनाचा हात लागला, जी कंपनी विकत घेण्याचा करार महिंद्राने २०१५ च्या शेवटी केला होता. रूपाची कल्पना शार्क माशावरून घेतलेली: जाळीत दात, मागचे दिवे शेपटीसारखे. ते सोडून देऊ. खरी गंमत खाली आहे.

मोटारीचा सांगाडा ढोबळमानाने दोन प्रकारचा असतो. एक शिडीचा: दोन लांब पोलादी तुळया, मध्ये आडवे दांडे, आणि त्यावर रबराच्या बुशांवर टेकवलेली वेगळी बॉडी. ट्रक, जीप, बोलेरो, स्कॉर्पिओ या वाटेने जातात. दुसरा मोनोकॉक: बॉडी हाच सांगाडा, सगळा पत्रा मिळून भार पेलतो. हा हलका पडतो. बहुतेक मोटारी आता अशाच असतात, मराझोची प्रतिस्पर्धी, मारुतीची अर्टिगाही.

मराझोने दोन्हींमधलं काहीतरी केलं, आणि अशी जोडणी जगात फार कमी दिसते. शिडी ठेवली, पण इंजिन आडवं केलं आणि ताकद पुढच्या चाकांना दिली. प्रोपेलर शाफ्ट गेला, जमीन खाली आली, पायाखालचा उंचवटा गेला. मागे जड ॲक्सलऐवजी साधा ट्विस्ट बीम आला. शिडी ठेवल्यामुळे रस्त्याचा आवाज आणि दणका बॉडीपर्यंत पोचायच्या आधी रबरात मुरायचा. कसारा घाटात किंवा पेठच्या रस्त्यावर ही गाडी ज्या शांतपणे चालते, त्याचं श्रेय बरंचसं या शिडीला आहे.

आणि शिडीचं वजनही आहे. मराझो सोळाशे किलोच्या वर. अर्टिगा तिच्यापेक्षा चारशे किलोंनी तरी हलकी. चारशे किलो म्हणजे सहा मोठी माणसं. म्हणजे मराझोत एकटा ड्रायव्हर बसला तरी इंजिन अर्टिगाच्या हिशोबाने भरलेलीच गाडी ओढत असतं.

इंजिनही चांगलं होतं. १,४९७ सीसीचं डिझेल, १२१ अश्वशक्ती, ३०० न्यूटन-मीटर टॉर्क, सहा गिअर. हे १,४९७ उगाच आलेलं नाही. जीएसटीत चार मीटरपेक्षा लांब गाडीचं इंजिन १,५०० सीसीच्या आत असेल तर उपकर धरून ४५ टक्के लागायचे. त्यापुढे गेलं की ४८, आणि गाडी उंच एसयूव्हीच्या व्याख्येत बसली तर ५०. तीन सीसीचं अंतर राखून केलेला हा हिशोब आहे. त्या इंजिनाला मात्र सोळाशे किलो ओढायचे होते. कंपनीचा मायलेजचा आकडा सतराच्या थोडा वर आला.

हा आकडा लक्षात असू द्या.

आत बसल्यावर

प्रकरण समजायला एक घर धरू. इंदिरानगरमधलं, तीन बेडरूमचा फ्लॅट, आजी-आजोबा, नवरा-बायको, दोन मुलं. नवरा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत, बायको शाळेत शिक्षिका. कुलदैवत जेजुरीचं, बायकोचं माहेर धुळ्याकडे. बारा लाखांचं बजेट, ताणलं तर तेरा. मराझो अशाच घरासाठी आखली होती.

हे घर शोरूमला जातं तेव्हा पहिली खूण आजीला पटते. उंबरठा गुडघ्याच्या खाली, पाय उचलून टाकायला लागत नाही, कुणाचा हात लागत नाही. मधल्या रांगेत बसल्यावर तिची नजर छताकडे जाते. मोठ्या गाड्यांत मागच्यांसाठी एसीची झडप बहुधा मधल्या रांगेच्या डोक्यावर आडवी असते, आणि तिसऱ्या रांगेतल्यांना पुढच्यांनी वापरून उरलेली हवा मिळते. मराझोत छताच्या मधोमध पुढून मागे जाणारी नळीच बसवली होती, तिला दोन्ही बाजूंना झडपा. वारा थेट अंगावर नको असेल तर तो पसरवून सोडायची सोयही होती. एप्रिलात मालेगावच्या रस्त्याने धुळ्याला जाणाऱ्याला या नळीची किंमत समजावून सांगावी लागत नाही. आजोबांना डोक्यावर झोत सहन होत नाही आणि नातवाला झोतच हवा असतो. हा तंटा या गाडीने छतातच मिटवला होता.

चारही चाकांना डिस्क ब्रेक, दोन एअरबॅग, मुलांच्या खुर्चीसाठी आयसोफिक्स, आणि हे सगळं सर्वांत खालच्या मॉडेलपासून. व्हीलबेस २,७६० मिलिमीटर, म्हणजे टोयोटाच्या इनोव्हा क्रिस्टापेक्षा दहा मिलिमीटर जास्तच. रुंदी १,८६६. क्रिस्टा १,८३०, अर्टिगा १,७३५. मधल्या बाकावर तीन मोठी माणसं खांद्याला खांदा न घासता बसतात ते या रुंदीमुळे.

पण रुंदी घरी आणल्यावर पार्किंगमध्ये उतरते. इमारतीच्या नियमावलीत मोटारीची जागा अडीच मीटर बाय पाच मीटर धरतात. मधोमध उभी केली तर मराझोच्या दोन्ही बाजूंना जेमतेम एक-एक फूट उरतो, अर्टिगाच्या बाजूंना सव्वा फूट. पाव फुटाने काय होतं असं वाटेल. शेजारच्याने गाडी रेषेला चिकटवून लावली असेल, तर त्या पाव फुटावर आजीचं उतरणं अवलंबून असतं. म्हणजे तिला फाटकाशीच उतरवायचं. मराझोच्या मालकांकडून मी हे गाऱ्हाणं ऐकलंय, आणि ते सांगतानासुद्धा माणसं गाडीला नावं ठेवत नाहीत, बिल्डरला ठेवतात.

तिसरी रांग वापरात असताना सामानाला १९० लिटर. दोन छोट्या बॅगा आणि एक पिशवी. जेजुरीला जाताना भंडारा मावेल, येताना आंब्याची पेटी मावणार नाही. अर्टिगाही यात फार पुढे नव्हती, २०९ लिटर. या बाबतीत दोघींना सारखेच गुण.

अकरा आठवडे

पितृपक्ष संपला, दसऱ्याला काही घरांनी मराझो आणली. आमच्या इंदिरानगरच्या घराने मात्र थांबायचं ठरवलं, कारण सगळ्यांच्या तोंडी एकच होतं: नवी अर्टिगा येतेय.

ती आली २१ नोव्हेंबरला. दसरा गेला, दिवाळी होऊन गेली, आणि तरी मारुतीने घाई केली नाही. नव्या पिढीची अर्टिगा जुनीपेक्षा लांब आणि रुंद होती, तिसरी रांग आता मोठ्या माणसांना बसण्याजोगी झाली होती. किंमत ७.४४ लाखांपासून. पेट्रोल, डिझेल, आणि पेट्रोलमध्ये ऑटोमॅटिकही.

मराझोत यातलं एकच होतं: डिझेल, आणि तेही हाताने गिअर टाकायचं.

इथे महाराष्ट्राचा रोड टॅक्स मध्ये येतो, जो देशभराच्या तुलना-तक्त्यांत दिसत नाही. तेव्हा खासगी पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के, दहा ते वीस लाखांत १२. डिझेलला त्याच पायऱ्यांवर १३ आणि १४. आमच्या घराला मराझोचं एम६ आवडलं होतं, १२.४० लाखांचं. त्यावर १४ टक्के म्हणजे पावणेदोन लाखांच्या आसपास. अर्टिगाचं पेट्रोल झेडएक्सआय प्लस ९.५० लाखांचं, त्यावर ११ टक्के, लाखाच्या थोडं वर. टॅक्स धरून दोघींत साडेतीन लाखांहून जास्त अंतर पडलं. शिवाय त्याच १ सप्टेंबरपासून नव्या मोटारीचा थर्ड पार्टी विमा एकदम तीन वर्षांचा घ्यायची सक्ती लागू झाली होती, म्हणजे पहिल्याच दिवशी खिशाला आणखी एक चिमटा.

बायकोला गाडी शाळेत न्यायची होती आणि तिला ऑटोमॅटिक हवी होती. अर्टिगाची झेडएक्सआय ऑटोमॅटिक ९.९५ लाखांना मिळत होती, दहाच्या आत. मराझोची कुठल्याच किमतीला मिळत नव्हती. माझ्या मते निम्म्या घरांत निर्णय इथेच संपला. चार तारे, छतावरची नळी, शांत सांगाडा, सगळं मान्य. पण घरात गाडी रोज चालवणारं माणूस जे मागतंय तेच नसेल तर पुढचं बोलणं कशाला? (अर्टिगाला २०१९ मध्ये त्याच एनकॅपने तीन तारे दिले. चार आणि तीन यातला फरक शोरूममध्ये कुणी विचारला असेल असं मला वाटत नाही. आता विचारतात.)

टुरिस्टवाल्याचं गणित

आता मघाचा सतराचा आकडा काढू.

घरची गाडी महिन्याला हजार किलोमीटर चालते असं धरा. मराझोचा कंपनीचा आकडा १७.३ आणि डिझेल अर्टिगाचा २५.४७. महिन्याला डिझेलचा फरक एकोणीस लिटरच्या आसपास, लिटरला पंचाहत्तर रुपये धरले तर चौदाशे रुपये. चौदाशे रुपयांसाठी कुणी आजीचा आराम सोडत नाही. महिंद्राच्या लोकांनी असाच विचार केला असावा, आणि घरापुरता तो बरोबर आहे.

टुरिस्टवाला महिन्याला पाच हजार किलोमीटर सहज चालवतो. नाशिक-शिर्डी, नाशिक-मुंबई विमानतळ, त्र्यंबकेश्वर, पुन्हा शिर्डी. त्याचा फरक नव्वद लिटरच्या वर जातो, म्हणजे महिन्याला सात हजार. त्यात त्याच्या मुलाची फी आणि टायरची वर्गणी निघते. प्रत्यक्ष रस्त्यावर दोन्ही गाड्यांचे आकडे खाली येतात, पण अंतर राहतंच. गाडी कितीही गुळगुळीत चालो, त्याने मराझो घेतली नाही.

आता कुणी म्हणेल, बरंच झालं. पिवळी पाटी लागली की गाडीची इभ्रत जाते, झायलोचं तेच झालं ना? नाशिकमध्ये हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की ते खरंच असेल असं वाटायला लागतं. पण मग इनोव्हाचं काय? इनोव्हाइतकी पिवळ्या पाटीवर चाललेली मोठी गाडी महाराष्ट्रात दुसरी नसेल. तीच इनोव्हा आमदाराच्या दारात, डॉक्टरच्या पोर्चमध्ये आणि साखर कारखान्याच्या संचालकाकडे असते. कुणी म्हणत नाही की ही टॅक्सी आहे. टोयोटाने २००५ मध्ये चांगली खपणारी क्वालिस बंद करून इनोव्हा आणली तेव्हाही टुरिस्टवाल्याला हाकललं नाही, त्याला बरोबर घेऊनच किंमत वर नेली.

टॅक्सी झाल्याने गाडी पडत नाही. टॅक्सीवाल्याने सोडलेली गाडी पडते. मध्यमवर्गीय घराला इंजिन किती टिकतं, क्लच किती किलोमीटरला जातो, सर्व्हिसला काय लागतं, हे कळायचं एकच साधन असतं: मुंबईला जाताना शेजारच्या सीटवर बसून ड्रायव्हरला विचारणं. "साहेब, साडेतीन लाख झाले, अजून इंजिनाला हात लावला नाही." या एका वाक्यावर जितक्या इनोव्हा विकल्या गेल्या असतील तितक्या कुठल्या जाहिरातीने विकल्या नसतील. जुनी गाडी विकतानाचा भावही तिथेच ठरतो, कारण आठ वर्षांनी ती गाडी घेणारा बहुतेक वेळा टुरिस्टवालाच असतो. मराझोबद्दल असं वाक्य बोलायला नाशिकच्या रस्त्यावर पुरेसे ड्रायव्हरच नव्हते. झायलोची सावली टाळताना झायलोचा सगळ्यात मोठा साक्षीदार हातचा गेला.

मारुतीने हा गुंता फार व्यवहारीपणे सोडवला. २०१९ मध्ये तीच गाडी तीन दारांतून विकायला काढली. टॅक्सीसाठी टूर एम, घरासाठी अर्टिगा, आणि ज्यांना टॅक्सीशी नातं नको त्यांच्यासाठी नेक्सा या मारुतीच्याच वरच्या दर्जाच्या शोरूममधून सहा आसनांची एक्सएल६. खालचा सांगाडा तोच, इंजिन तेच. तोंड थोडं वेगळं, मधल्या रांगेत दोन स्वतंत्र खुर्च्या, आणि वेगळ्या दारावरची पाटी. त्यात सीएनजी आली आणि टुरिस्टवाल्याचं गणित पक्कं झालं.

डिझेलचं गाव

त्र्यंबक रोडने सातपूरकडे निघालं की आधी मायको सर्कल लागतं आणि पुढे महिंद्रा सर्कल. मायको म्हणजे आताची बॉश; डिझेल इंजिनाचे नोझल आणि इंजेक्टर बनवणारा हा कारखाना इथे अर्ध्या शतकापासून आहे. कंपनीचं नाव बदलून बरीच वर्षं झाली, चौकाचं बदललं नाही. इगतपुरीला महिंद्राचा इंजिनांचा कारखाना. नाशिकच्या दोन पिढ्यांचं घर डिझेलवर चाललंय, आणि डिझेलवरचा विश्वास इथे हवेत असतो. पेट्रोलची मोठी गाडी म्हणजे चैन, असं मानणारे लोक आमच्याकडे अजून आहेत.

त्या विश्वासाला एकेकाळी आधार होता. २०१२ मध्ये पेट्रोल आणि डिझेलमध्ये लिटरमागे पंचवीस-तीस रुपयांचं अंतर होतं. त्याच वर्षी पहिली अर्टिगा आली आणि तिचं डिझेल मॉडेल हातोहात गेलं. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर खुले झाले, आणि २०१८ च्या सप्टेंबरात मुंबईत पेट्रोल नव्वदीला टेकलं तेव्हा अंतर दहा-बारा रुपयांवर आलं होतं. नवी गाडी कागदावरून रस्त्यावर यायला चार-पाच वर्षं लागतात. मराझो आखली जात होती तेव्हा डिझेल हे शहाणं उत्तर होतं, ती आली तेव्हा प्रश्न बदलला होता.

पण एक तारीख आधीपासून माहीत होती, म्हणून इथे कंपनीला सूट देता येत नाही. गाडीच्या धुराच्या निकषांत बीएस-५ ची पायरी गाळून थेट बीएस-६ वर जायचा निर्णय जानेवारी २०१६ मध्येच जाहीर झाला होता: १ एप्रिल २०२०. छोट्या डिझेल इंजिनाला ते निकष पाळायचे तर धुराच्या नळीत महागडी यंत्रणा बसवावी लागणार, हे सुटे भाग पुरवणाऱ्या कुठल्याही व्हेंडरला माहीत होतं. म्हणजे मराझो बाजारात आली तेव्हा तिच्या इंजिनाच्या त्या रूपाकडे फक्त एकोणीस महिने उरले होते. पेट्रोल इंजिन येणार, अशी बातमी वारंवार यायची. ते आलं नाही. २५ एप्रिल २०१९ ला मारुतीने पुढच्या एप्रिलपासून डिझेल बंद करणार असं सांगून टाकलं आणि दुकान पेट्रोल-सीएनजीकडे वळवलं. बीएस-६ मराझो आली ऑगस्ट २०२०ला, टाळेबंदीच्या मध्यात, ११.२५ लाखांपासून. सगळ्यात वरचं एम८ मॉडेल तोवर गेलं होतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये किआ करेन्स ८.९९ लाखांपासून आली, पेट्रोल, टर्बो पेट्रोल, डिझेल, ऑटोमॅटिक, हवं ते घ्या म्हणत. त्यानंतर बघायला काही उरलं नव्हतं.

खप पडला की झळ शोरूमच्या आधी अंबडला लागते. पत्र्याचा एखादा भाग दाबायला व्हेंडर डाय, म्हणजे साचा, बनवतो, आणि डायचा खर्च ठरलेल्या नगांवर वाटून किमतीत धरलेला असतो. समजा डाय चाळीस लाखांची आणि पन्नास हजार नग धरले, तर नगामागे ऐंशी रुपये. नग दहा हजारच उचलले गेले तर तोच खर्च चारशेवर जातो, आणि करारात काय लिहिलंय त्यावर तो कुणी सोसायचा ते ठरतं. "शेड्यूल पडलं" एवढे दोन शब्द अंबडमध्ये बोलले जातात, बाकीचं ऐकणाऱ्याला कळतं.

दुसरं काय करता आलं असतं

मागाहून शहाणपण सांगणं सोपं, तरी प्रकरण मांडायचं तर मत द्यायला हवं.

शिडी काढून मोनोकॉक करणं हा मार्ग नव्हता. मग ती मराझोच राहिली नसती, आणि हलक्या गाडीच्या मैदानात मारुतीशी कुस्ती खेळावी लागली असती. शिडी ठेवायचीच, तर वजनाची भरपाई कुठून करायची एवढाच प्रश्न होता. मायलेजमध्ये होणार नाही हे आकडेच सांगत होते. मग ती घरच्या ग्राहकाला ऑटोमॅटिक देऊन करता आली असती. एम६ ला ऑटोमॅटिक असतं तर इंदिरानगरच्या घराने साडेतीन लाख जास्त मोजले असते का? सगळ्यांनी नाही, पण काहींनी नक्की. क्रिस्टाच्या किमतीकडे बघून मागे फिरणारे लोक नाशिकमध्ये कमी नव्हते. २०१६ मध्येच क्रिस्टा चौदा लाखांच्या जवळपास सुरू होत होती. ती परवडत नाही आणि अर्टिगा लहान वाटते, असं म्हणणारं घर मराझोचं हक्काचं होतं. त्या घराला ऑटोमॅटिक हवं होतं, आणि त्याच्याचसाठी ते नव्हतं.

टुरिस्टवाल्यासाठी सगळ्यात खालचं मॉडेल वेगळ्या नावाने, वेगळ्या हमीसह काढता आलं असतं. पाच वर्षांची किंवा दीड-दोन लाख किलोमीटरची हमी दिली असती तर महिन्याच्या सात हजारांपैकी काही त्याने सोसले असते, कारण त्याला मायलेजइतकीच भीती गॅरेजमध्ये उभ्या राहणाऱ्या गाडीची असते. थोडे का होईना, साक्षीदार मिळाले असते. तो खर्च कंपनीला परवडला असता का, हे त्यांच्याच वह्यांत असेल.

त्याच कारखान्यातून फेब्रुवारी २०१९ मध्ये, म्हणजे मराझोनंतर सहाच महिन्यांनी, एक्सयूव्ही३०० आली. ३,९९५ मिलिमीटर लांब, ७.९० लाखांपासून, पेट्रोल आणि डिझेल पहिल्याच दिवसापासून. पुढे ऑटोमॅटिक गिअरही आले आणि पाच तारेही. तिचं डिझेल इंजिन म्हणजे मराझोच्याच घराण्यातलं १,४९७ सीसी. पण गाडी चार मीटरच्या आत, म्हणून त्या डिझेलवर तेव्हा कर ३१ टक्के. मराझोवर ४५. इंजिन तेच, शहर तेच, लांबीच्या दोन फुटांपायी चौदा टक्क्यांचा फरक. आजी मात्र एक्सयूव्ही३०० मध्ये मागच्या बाकावर मधोमध बसते, आणि छतावर नळी नाही.